मोडीचा भाव

नाणी विकायला काशी शिवलकर आधी बँकेतच गेली. जिथून घेतली तिथेच परत द्यायची, त्यात विचारायचं काय, असं तिला वाटलं होतं.

तीन नाणी होती. प्रत्येक दहा ग्रॅमचं, चोवीस कॅरेटचं, जाड पारदर्शक पाकिटात बंद केलेलं. तिचा नवरा विनोद मालवाहू बोटीवर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. लांबची फेरी संपवून तो भाट्याला घरी आला, की घरातलं सगळं भागवून जे उरे त्यातून काशी कधीमधी एक नाणं घेऊन ठेवी. दागिना नाही, नाणंच. दागिन्याची घडणावळ फुकट जाते आणि मोडताना वर घट धरतात, हे तिनं आईच्या बाबतीत पाहिलं होतं. नाण्याला ते लचांड नाही, हे तिला बँकेतल्या माणसानंच समजावलं होतं. खुर्ची देऊन, चहा पाजून.

आता तिची मुलगी मृणाली डेक कॅडेटच्या कोर्सला निवडली गेली होती. बाप सारंग म्हणून बोटीवर चढला होता, लेक पुढं अधिकारी म्हणून चढणार होती. जानेवारीच्या बॅचची फी आठवडाभरात भरायची होती. विनोद तेव्हा कुठल्याशा समुद्रात होता. नेट मिळालं तेव्हा त्याचा निरोप आला होता, ‘नाणी ह्याच्यासाठीच होती. दे मोडून.’

बँकेतला अधिकारी तरुण होता. त्यानं पाकिटं उलटसुलट करून पाहिली आणि परत तिच्यापुढं सरकवली.

“काकू, बँकेला नाणी परत घेता येत नाहीत. नियमच तसा आहे.”

“विकता येतात, पण घेता येत नाहीत?”

“आता विकणंही बंद झालंय आमच्या शाखेत. तुम्ही सराफाकडे जा.”

“सराफाकडेच जायचं होतं तर मी तेव्हा तुमच्या दारात कशाला आले असते?”

“पावतीच्या मागे छापलेलं असतं ते.” तो बिचारा हळू आवाजात म्हणाला.

“मागे? पैसे घेताना पुढं होतात ना? मग हे पुढं का नाही छापलंत?”

रांगेतल्या कुणीतरी खाकरलं. मृणालीनं आईचा हात धरला. त्या मुलाची चूक नव्हती हे काशीलाही कळत होतं. तेव्हा तो शाळेत असेल. पण चूक कुणाचीच नसते आणि नुकसान मात्र आपलंच होतं, ह्या गोष्टीचाच तिला जास्त संताप आला. ती बाहेर पडली तेव्हा तिचे कान तापले होते.

मग त्या ‘हेमसागर’मध्ये गेल्या. काशीच्या लग्नातलं मंगळसूत्र ह्याच पेढीतलं, मृणालीच्या बारशाची साखळी इथलीच. तुळशीची लग्नं उरकली होती, लग्नसराई तोंडावर होती, त्यामुळे दुकान भरलेलं होतं. मालक बाबूशेठ गल्ल्यामागच्या काचेच्या खोलीत बसत. बाहेरचं सगळं आता त्यांचा मुलगा सर्वेश बघायचा.

“या काकी, या! काका कुठं आहेत सध्या?” सर्वेशनं खुर्ची पुढं केली. “कोकम सरबत सांगू?”

भिंतीवरच्या पडद्यावर भाव झळकत होता. चोवीस कॅरेट, दहा ग्रॅम, एक लाख बावीस हजार. काशीनं तो वाचला, मनात तिनानं गुणला, आणि जरा सैल होऊन बसली. फी, होस्टेल, गणवेश, सगळं त्यात बसत होतं.

सर्वेशनं नाणी घेतली, “बघून सांगतो” म्हणाला, आणि कात्री उचलून पहिलं पाकीट कापलं. करकन आवाज झाला.

“अरे, कापलंस कशाला? भाव तरी सांगायचास आधी!”

“काकी, तपासल्याशिवाय भाव कसा सांगणार?” तो नाणं घेऊन आत गेला. थोड्या वेळानं परत येऊन कॅल्क्युलेटर बडवायला लागला आणि मग तो त्यानं काशीकडे फिरवला. “एका नाण्याचे एक लाख अकरा हजार सहाशे.”

काशीनं पडद्याकडे बघितलं. मग कॅल्क्युलेटरकडे.

“हा कुठला भाव?”

“मोडीचा. तो वर दिसतो तो विक्रीचा. आमचा घ्यायचा भाव दोन हजारांनी कमी. त्यातून चार टक्के घट. आणि तीन टक्के जीएसटी.”

“घट कसली? त्यात ना खडा, ना आत भरलेली लाख, ना सांध्याचा डाग. नाणं आहे ते.”

“वितळवताना जातं थोडं.”

“आणि जीएसटी? विकणारी मी. मी तुला देते आहे, तू मला काही विकत नाहीयेस.”

“सरकारचा नियम आहे काकी. आम्ही काय करणार?”

मृणाली तोवर फोनवर शोधत होती. तिनं मान वर केली. “नाही, घरगुती माणूस सोनं विकतो तेव्हा त्याच्याकडून जीएसटी कापत नाहीत. हे बघा, इथं लिहिलंय.”

सर्वेश हसला. “फोनवर काहीपण लिहितात गं. बरं, काकी, एक करूया. पैसे नका घेऊ. दागिना घ्या. मग मी काहीच कापत नाही, पूर्ण भाव धरतो. नाहीतरी मृणालीच्या लग्नाला लागणारच.”

“तिच्या कोर्सची फी भरायची आहे. बोटीवर जायची आहे ती.”

“बोटीवर?” त्यानं मृणालीला एकदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मुलीच्या जातीला कशाला ते? चार वर्षांत लग्न झालं की सगळं पाण्यात. त्यापेक्षा हार करून ठेवा. माझं ऐका.”

काशीला आतून काहीतरी चटकन भाजल्यासारखं झालं. नाण्याच्या भावावरून ती भांडली असती, कमीजास्त केलं असतं. पण हा पोरगा तिच्या नवऱ्याच्या तीन फेऱ्या कात्रीनं कापायला निघाला होता आणि वर तिच्या लेकीनं काय करावं ते शिकवत होता.

“नाणं दे परत,” ती म्हणाली.

“देतो की. पण आता पाकीट फुटलंय. सुट्ट्या नाण्याला रत्नागिरीत कुणी एवढंही देणार नाही.”

“फोडलंस कुणी?”

त्यानं खांदे उडवले.

ह्याच वेळी शेजारच्या काउंटरवर एक म्हातारी बाई उभी होती. लुगडं गुडघ्याखाली आवळलेलं, पायांना तांबडी माती, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्या पुढ्यात मखमली तबकात, आतल्या यंत्रावर तपासून आणलेल्या दोन पाटल्या होत्या. सर्वेश काशीचा नाद सोडून तिच्याकडे वळला.

“आजी, अडीच तोळे भरल्या. पण सोनं हलकं आहे तुमचं. दोन लाख होतील.”

“हलकं कसं? बावीसचं हाय. तवा तसंच सांगितलं हुतं.”

“कुणी सांगितलं? कुठून घेतल्या होत्या?”

“तुमच्याकडनंच, बाबा.”

“बरं, बरं,” सर्वेश हसत म्हणाला, “घ्यायचे तर दोन लाख. विचार करून सांगा.”

विचार करायला तिला वेळ कुठं होता? तिचं नाव गोदा. लांज्याकडच्या गावातली. नवरा आंब्यावरून पडला होता, सिव्हिलमध्ये होता, मांडीच्या हाडात सळी घालायची होती आणि ती बाहेरून आणायला सांगितली होती. एवढं सगळं तिनं कुणी न विचारताच सांगून टाकलं, कारण कुणालातरी सांगितल्याशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं.

काशीनं बाकीची दोन पाकिटं पर्समध्ये टाकली, आपलं सुटं नाणं मुठीत घेतलं आणि ती उठून उभी राहिली.

“सर्वेश, एक कर. मला आत्ता जे बोललास ना, ते कागदावर लिहून दे. घट चार टक्के, जीएसटी तीन टक्के. दुकानाचा शिक्का मार आणि सही कर.”

“त्याची काय गरज आहे काकी?”

“सरकारचा नियम आहे म्हणालास ना? मग सरकारी गोष्ट लिहून द्यायला घाबरतोस कशाला?”

“आवाज कमी करा जरा.”

“का करू? माझ्या सोन्याचा भाव कमी, माझा आवाज कमी, माझ्या पोरीचं शिक्षण कमी. तुझं तेवढं काहीच कमी नको!”

हार बघत असलेल्या एका वऱ्हाडाच्या बायका माना वळवून बघू लागल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, “आमच्याकडनं पण कापला होता गो जीएसटी, गेल्या वर्षी.” तिच्या नवऱ्यानं तिला गप्प केलं.

काचेचं दार उघडून बाबूशेठ बाहेर आले. पांढरा सदरा, कपाळाला गंध, चेहऱ्यावर शांत हसू. एका नजरेत त्यांनी सगळं दुकान मापलं.

“काशीबाई, आत या. पोराला काय कळतंय? तुम्ही आमच्या घरच्या. तुमचं बोर्डाच्या भावानं करून टाकू. पुरे एक लाख बावीस. लगेच खात्यावर. झालं समाधान?”

झालं होतं. खरंच झालं होतं. काशीनं मनातल्या मनात फी भरूनसुद्धा टाकली. तिनं पर्स उचलली, आत जायला एक पाऊल टाकलं, आणि तिला दिसलं की गोदानं तबक सर्वेशकडे सरकवलं होतं आणि ती म्हणत होती, “द्या बाबा, काय द्यायचं ते.”

“आणि यांचं?” काशीनं विचारलं.

“त्यांचा व्यवहार वेगळा आहे.”

“वेगळा कसा? मी ओरडले म्हणून मला पुरा भाव, आणि ती ओरडत नाही म्हणून तिला कमी? मग भाव सोन्याला आहे की तोंडाला?”

बाबूशेठांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे बदलले. “काशीबाई, मी तुमचं बघतोय. दुसऱ्याच्या मध्ये कशाला पडता?”

गोदानं घाबरून काशीचा पदर धरला. “बाय, माजा व्यवहार मोडू नको गो. मला आजच पैसं हवंत.”

“मोडत नाही मावशी. तास-दीड तास थांबा फक्त. सोनं तपासून घेऊ. मग हवं तर इथंच या.”

“आनि हेनी मग घेतलं नाय तर?”

काशीच्या स्वतःच्या हातातला सौदाही सुटत होता. मृणाली मात्र बाहेर जाऊन रिक्षा थांबवूनसुद्धा आली होती. “आजी, चला. मी तुम्हाला तिथून सिव्हिलला सोडते.” पोरीच्या आवाजात काय होतं कोण जाणे, म्हातारीनं पाटल्या रुमालात बांधल्या आणि ती निघाली. पायऱ्या उतरेपर्यंत ती मागं वळून वळून बघत होती.

हॉलमार्किंग केंद्र म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचं एसी लावलेलं छोटं ऑफिस होतं. थोडीशी फी घेऊन तिथं कुणाचंही सोनं तपासून देत. आधी काशीचं सुटं नाणं लागलं. शुद्ध निघालं, पाकिटावर छापलं होतं तसंच. वजनही पुरं. “घट कसली ह्यात!” काशी स्वतःशीच पुटपुटली.

मग पाटल्या लागल्या. यंत्रावरच्या मुलीनं आकडा बघितला, पाटली दुसऱ्या बाजूनं ठेवून पुन्हा लावली, मग दुसरी पाटली लावली.

“अठरा कॅरेट आहे आजी. शंभरात पंचाहत्तर भाग सोनं.”

गोदानं पाटली उचलून पदरानं पुसली.

“म्हणजे तो पोरगा खरं बोलत हुता?” गोदा म्हणाली. “आनि मी त्याला खोटा समजलं.”

एवढा वेळ काशी ज्याच्यावर चिडली होती तो निदान एका गोष्टीत खरा निघाला होता. आपण ह्या बाईला उगाच वणवण करायला लावली, असं तिला वाटलं. गोदा भिंतीशी टेकून बसली आणि सांगायला लागली. नवऱ्यानं आणि तिनं काजूच्या बिया विकून, कैक हंगाम थोडं थोडं साठवून त्या केल्या होत्या. सुनांनासुद्धा कधी घालायला दिल्या नव्हत्या. गौरीला आणि शिमग्याला पालखी दारात आली की हातात घालायची, पुन्हा ट्रंकेत. “बावीसचं हाय म्हनून मी साऱ्या गावाला सांगितलं गो.”

मृणाली पाटली हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत होती. “आई, आत काहीतरी कोरलंय.”

पाटली उघडते त्या फासाजवळ, आतल्या बाजूला, झिजलेला पण वाचता येईल असा शिक्का होता. ‘हे. सा.’ आणि त्याच्या पुढं ‘२२’.

काशीनं तो दोनदा वाचला. मग तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. आज सर्वेशनं यंत्र लावलं तेव्हा यंत्र खरंच बोललं होतं. खोटं बोलला होता तो हा शिक्का, म्हातारी तरणी होती तेव्हा. ह्यांनीच बावीस सांगून अठरा विकलं, बावीसचे पैसे घेतले, आणि आज तेच सोनं पुढं आलं तर ‘हलकं आहे, कुठून घेतलं’ म्हणून हसले. अठराच्या भावानंसुद्धा त्याचे सव्वादोन लाखांवर होत होते. त्यातूनही खाऊन दोन लाख देत होते.

“मावशी, त्यांनी तुम्हाला एकदा नाही, दोनदा लुबाडलंय,” ती म्हणाली. “उठा.”

मृणालीनं शिक्क्याचे फोटो काढले. यंत्रावरच्या मुलीनं नाण्याचा आणि पाटल्यांचा वेगवेगळा अहवाल छापून दिला. ह्या वेळी गोदा मागं वळून न बघता रिक्षात बसली.

‘हेमसागर’मधली गर्दी आणखी वाढली होती. काशी थेट काचेच्या दाराशी गेली आणि ते उघडंच ठेवून उभी राहिली, म्हणजे बोलणं बाहेर ऐकू जावं.

“बाबूशेठ, हा शिक्का तुमचा ना?”

मागून सर्वेश आला. “असे शिक्के कुणीही मारतं काकी. आम्हाला काय माहीत...”

“तू गप्प बस,” बाबूशेठ मुलाला म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, पाटली घेतली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. फार वेळ फिरवला. मग अहवाल वाचला. “दार लावून घ्या काशीबाई.”

“नाही लावणार.”

बाहेरचं ते वऱ्हाड अजून होतं. मघाशी बोललेली बाई आता उघडच ऐकत उभी होती.

बाबूशेठ खाली बघत म्हणाले, “त्या काळी कारागीर बाहेरून माल करून द्यायचे. आमचे वडील विश्वासानं शिक्का मारायचे. आम्हीपण फसलोय ह्यात.”

“मग फसलेल्यांनी मघाशी दोन लाख का सांगितले? अठराचा तरी पुरा भाव सांगायचा होता!”

बाबूशेठांनी कागदावर आकडे मांडले आणि गोदाकडे वळून अगदी मवाळ आवाजात म्हणाले, “आजी, शिक्का बावीसचा आहे ना, तर मी बावीसच्या भावानं घेतो. पावणेतीन लाखांच्या वर जातात. लगेच खात्यावर टाकतो. धंदा काय रोजचाच आहे, माणुसकी म्हणून करतो. पाटल्या आणि तो अहवाल तेवढा इथं ठेवा.”

गोदाचा चेहरा उजळला. काशीचा मात्र उतरला, कारण तिला शेवटचं वाक्य ऐकू आलं होतं. पाटल्या इथं राहिल्या की आज संध्याकाळीच वितळायला मुशीत जाणार. शिक्काही जाणार, अठराही जाणार, बावीसही जाणार. उद्या दुसरी कुणी गोदा अशाच पाटल्या घेऊन आली की पुन्हा ‘हलकं आहे आजी.’

तिनं गोदाला बाजूला घेतलं. “मावशी, देऊ नका. आपण तक्रार करू. हा पुरावा आहे. ह्यांच्याकडून असे किती जणांनी घेतले असतील.”

“किती दीस लागतील?”

“लागतील. महिने लागतील कदाचित.”

“आनि तोवर मानसाचा पाय?”

“सळीचे पैसे मी देते. नाणी विकली की—”

“आनि तुज्या पोरीची फी?” गोदानं तिच्याकडे रोखून बघितलं. त्या नजरेत मघाची भीती नव्हती. “बाय, तू माज्यासाठी भांडलीस. तेवढं पुरं झालं. माजं सोनं हाय. मी इकते.”

तिनं पाटल्या स्वतःच्या हातानं बाबूशेठांच्या पुढ्यात ठेवल्या. सर्वेशनं तिच्या पासबुकावरून खातं नंबर घेतला. मृणालीनं गोदाच्या फोनवर मेसेज आलेला वाचून दाखवला, पूर्ण रक्कम, दोनदा. बाबूशेठांनी पाटल्या आणि अहवाल खणात टाकून खण बंद केला.

आणि मग गोदानं हात जोडले. “लय उपकार झाले शेठ. देव तुमचं भलं करो.”

काशी तिथं जास्त वेळ उभी राहू शकली नाही. एवढं भांडण, एवढी पायपीट, आणि शेवटी चोराला आशीर्वाद! बाबूशेठांनीही हात जोडले होते आणि काशीकडे बघून म्हणाले होते, “तुमची नाणी, काशीबाई? आपलं ठरलंय तसंच. बोर्डाचा भाव.”

“मला तुमची माणुसकी नको,” ती म्हणाली. “राहू दे ती कपाटात. दुसऱ्या कुणाला विकायला होईल.”

रस्त्यावर आल्यावर मृणाली म्हणाली, “आई, पण तिथं जास्त मिळत होते.”

“माहीत आहे मला.”

गोदाला सिव्हिलच्या फाटकाशी सोडून त्या नाचणे रोडवरच्या एका लहानशा दुकानात गेल्या. तिथं तेजस्वी नावाची बाई बसायची. वडील गेल्यावर दुकान तिनंच चालवायला घेतलं होतं. तिनं पाकिटांना हात लावण्याआधी सांगितलं, “बोर्डावरच्या भावाला शेकडा एक कमी देते. बाकी काही कापत नाही. पटलं तर बसा.”

“तो एक तरी कशाला?” काशीनं विचारलं. तिच्यात अजून बराच राग शिल्लक होता.

“मला पुढं द्यायचं असतं. माझं घर चालायला नको?”

निदान आधी सांगत होती. काशी बसली. तेजस्वीनं कापलेल्या पाकिटातलं नाणं बघितलं, केंद्राचा त्या नाण्याचा अहवाल वाचला आणि तिन्हींचा एकच भाव धरला. पैसे तिथं बसल्या बसल्या खात्यावर जमा झाले. मग काशीनं सकाळपासूनचं सगळं तिला सांगितलं. तेजस्वीनं ऐकून घेतलं आणि शटरबाहेर एकदा बघून म्हणाली, “मला नवल नाही वाटलं. पण तक्रार केलीत तर माझं नाव मध्ये घेऊ नका हं. ह्याच बाजारात राहायचंय मला.”

म्हणजे हिलाही माहीत होतं. सगळ्या बाजाराला माहीत असणार. काशी उठली.

फी त्याच संध्याकाळी भरली. मृणालीनं पावती विनोदला पाठवली. त्याचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते असं, ‘कितीला गेली?’ काशीनं आकडा लिहिला आणि खाली लिहिलं, ‘बाकीचं घरी आलात की सांगते. लिहून संपणार नाही.’

दुसऱ्या आठवड्यात ती सिव्हिलमध्ये गेली. गोदाच्या नवऱ्याच्या पायात सळी बसली होती. तो झोपला होता. गोदानं तिला पलंगाच्या कडेला बसवलं आणि पिशवीतून आमसुलांची पुडी काढून हातात दिली.

“मी तक्रार दिलीय,” काशी म्हणाली. “फोटो जोडलेत. केंद्राकडे अहवालाची नोंद असते, तिची प्रत मागितलीय. तक्रार घेणारा साहेब म्हणाला, पाटल्या असत्या तर बरं झालं असतं.”

“बोलनारच तो.”

“तुमची साक्ष लागेल, मावशी.”

गोदानं नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. काशीला वाटलं, आता ही नाही म्हणणार, आणि आपण काही बोलू शकणार नाही.

“त्या दिवशी मी त्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं हुतं,” गोदा खालच्या आवाजात म्हणाली. “रातभर मला झोप नाय आली. माजेच पैसे मला दिले, आनि मी त्याचं भलं मागितलं देवाकडं. लाज नाय वाटली मला?”

“तुमची काय लाज?”

“हेंचा पाय जमिनीला टेकू दे. मग येते मी. सांगते, माज्या हातात हुत्या, बावीस म्हनून दिल्या.” ती थांबली. “पन एस्टीचं भाडं तू द्यायचंस.”

काशी त्या दिवसांत पहिल्यांदाच हसली. पलंगावरचा म्हातारा जागा झाला आणि कोण आलंय म्हणून विचारू लागला.